न दिसणाऱ्या धातूचा हिशेब

पेनाइन डोंगररांगेच्या उत्तर टोकाला, जिथे नॉर्थम्बरलंड, डरहॅम आणि कंबरलंड या परगण्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात, तिथल्या माळावरून दक्षिण टाइन, वियर आणि टीज या नद्या निघतात. उन्हाळा आखूड, जमीन दलदलीची, धान्य जेमतेम पिकणारे. पण या माळाखालच्या चुनखडीत आणि वालुकाश्मात गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या उभ्या शिरा होत्या, आणि त्यांच्या जोरावर अठराव्या शतकात हा ओसाड मुलूख जगाच्या शिसे-बाजारात महत्त्वाचा झाला. छपरांचे पत्रे, पन्हळी, नळ, बंदुकीच्या गोळ्या, रंगाचा सफेदा, शेंदूर, मातीच्या भांड्यांचा झिलईचा लेप, चकाकणारी काच अशा कितीतरी गोष्टींसाठी शिसे लागे. शिवाय त्या शिशात थोडी चांदीही असे.

या धंद्याचे विवेचन बहुधा यंत्रांपासून सुरू होते. मला ते अपुरे वाटते. इथल्या भट्ट्या साध्या होत्या आणि शतकभर फारशा बदलल्या नाहीत. कारभाऱ्यांची खरी कसोटी दुसरीकडे लागत होती. खडकात खनिज किती आहे ते दिसत नाही, खनिजात शिसे किती ते दिसत नाही, शिशात चांदी किती तेही दिसत नाही. तरीही प्रत्येक टप्प्यावर आज भाव ठरवावा लागतो आणि पैसा आज घालावा लागतो. अंदाज चुकला तर तोटा कोणाच्या अंगावर पडायचा, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे या धंद्याचे व्यवस्थापन. करार, वजन, कस आणि हिशेबाच्या वह्या ही त्याची हत्यारे होती.

जमिनीचा धनी आणि त्याचा वाटा

आधी मालकीचा प्रश्न सुटणे भाग होते. सोन्याचांदीच्या खाणी राजाच्या, हा इंग्लंडचा जुना दंडक. १५६८ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या अर्लविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने असा निर्णय दिला, की तांब्यासारख्या हलक्या धातूच्या खाणीत सोने वा चांदी सापडली तर ती खाणही राजाच्या हक्कात येते. शिशात चांदी असतेच. म्हणजे उत्तम शीर हाती लागणे हाच मालकाला धोका. १६८९ आणि १६९३ च्या कायद्यांनी ही टांगती तलवार दूर केली. याच काळात, १६९२ मध्ये, दगडी कोळशावर शिसे गाळण्यासाठी एका कंपनीला सनद मिळाली. तिचे अधिकृत नाव लांबलचक होते. लोक तिला लंडन लेड कंपनी म्हणत, किंवा तिच्या कारभारावर क्वेकर पंथीयांचा पगडा असल्याने क्वेकर कंपनी. पुढे चांदीच्या काही नाण्यांवर गुलाब आणि पिसांचे तुरे अशी खूण उमटू लागली. नाण्यातली चांदी या कंपनीकडून आली आहे, असा तिचा अर्थ.

प्रदेशाची वाटणी साधारण अशी होती. ॲलनडेल आणि वियरडेलमध्ये न्यूकॅसलच्या ब्लॅकेट घराण्याचे राज्य. वियरडेलच्या खाणींचा धनी डरहॅमचा बिशप, आणि ब्लॅकेटांकडे त्यांचा पट्टा १६९६ पासून होता. ऑल्स्टन मूर ही डरवेंटवॉटरच्या अर्लची जहागीर. १७१५ च्या जॅकोबाइट बंडात सामील झाल्याबद्दल त्याचा १७१६ मध्ये शिरच्छेद झाला, जहागीर जप्त झाली आणि १७३५ मध्ये तिचे उत्पन्न ग्रीनिच हॉस्पिटल या वृद्ध व जायबंदी खलाशांच्या संस्थेला लावून दिले गेले. थेम्सकाठच्या खलाशाचे जेवण असे ऑल्स्टनच्या खडकावर अवलंबून राहिले.

धन्याचा वाटा रोकड खंडाच्या रूपात नसे, तो निघालेल्या खनिजातून घेतला जाई. ऑल्स्टन मूरवर हॉस्पिटलचा वाटा एक पंचमांश. वियरडेलमध्ये बिशपचा नववा हिस्सा, आणि त्याखेरीज चर्चचा दशांश. या दशांशामुळे स्टॅनहोपचे धर्मगुरुपद इंग्लंडमधल्या श्रीमंत पदांत गणले जाई. तत्त्वज्ञ जोसेफ बटलर हे तिथले धर्मगुरू होते.

या पद्धतीचा एक परिणाम नीट पाहावा लागतो. वाटा एकूण उत्पन्नावर होता, नफ्यावर नव्हता. खनिज कमी निघाले तर धन्यालाही कमी मिळे, भाव पडला तर त्यालाही झळ लागे. एवढ्यापुरता तो जोखमीत भागीदार होता. खोदकामाच्या खर्चात मात्र त्याचा एक पेनीही नसे. समजा, एखाद्या शिरेतून १०० शिलिंगांचे खनिज काढायला ८५ शिलिंग लागतात. खाणदाराच्या हाती १५ शिलिंग उरायला हवेत, पण एक पंचमांश म्हणजे २० शिलिंग धन्याकडे गेले की ५ शिलिंगांची खोट येते. अशी शीर सोडून द्यावी लागे, आणि एकदा पाणी भरले की ती पुन्हा उघडणे महाग पडे. वाट्याचा आकडा कागदावर लहान दिसतो, पण कोणती शीर जिवंत राहील आणि कोणती मरेल हे तो ठरवत होता.

वाटा खनिजात येतो म्हटल्यावर ते खनिज गाळण्याची सोयही धन्याकडे हवी. हॉस्पिटलने १७६० च्या दशकाच्या अखेरीस हेडन ब्रिजजवळ लँग्ली येथे स्वतःची भट्टी उभारली. त्या वेळी हॉस्पिटलच्या उत्तरेकडील जहागिरीचे काम पाहणाऱ्यांत जॉन स्मीटन होते, एडिस्टन दीपगृह बांधणारे अभियंते.

उक्ते काम

आता खडकाकडे. खाणकाम करणाऱ्यांना इथे सहसा रोजंदारी नसे. चार, सहा, आठ जणांची टोळी जमे, त्यात भाऊ, मेहुणे, बाप-लेक असत, आणि ती खाणीचा एक ठराविक भाग तीन महिन्यांसाठी अंगावर घेई. दर ठरे तो बिंगमागे. बिंग म्हणजे ८ हंड्रेडवेट, सुमारे ४०६ किलो, धुऊन स्वच्छ केलेले खनिज. एका ओझ्याच्या तट्टावर २ हंड्रेडवेट चढत, म्हणजे चार तट्टे मिळून एक बिंग. ज्या कामात खनिज मिळतच नाही, जसे वाट काढणे, विहीर खोदणे, त्याचा दर फॅदमवर, म्हणजे सहा फुटांवर, ठरे.

दर ठरवण्याच्या आधी कारभारी स्वतः आत जाई. टोळीने सोडलेल्या तोंडाशी मेणबत्ती धरून शीर किती इंच रुंद आहे, बाजूचा खडक किती कठीण आहे, पाणी कुठून झिरपते, हे तो पाही. टोळीतला म्हातारा खाणकामगारही तेच पाहत असे, आणि बहुतेक वेळा त्याला जास्त कळत असे, कारण गेले तीन महिने त्याची पहार त्याच दगडावर चालली होती. शीर रुंद आणि मऊ असेल तर बिंगचा दर खाली, अरुंद आणि कठीण असेल तर वर. कारभाऱ्याच्या मनातला हिशेब असा, की कोणत्याही तोंडावर काम करणाऱ्याला तीन महिन्यांअखेर साधारण सारखी मजुरी पडावी. टोळीच्या मनातला हिशेब असा, की शीर दिसते त्यापेक्षा चांगली निघावी.

व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीने या कराराचे मोल मोठे आहे. डोंगरात विखुरलेल्या, मेणबत्तीच्या उजेडात चालणाऱ्या कामावर मुकादम नेमून लक्ष ठेवणे अशक्य होते. उक्त्या दराने ती गरजच संपवली. सुरुंगाची दारू, मेणबत्त्या आणि हत्यारांना धार लावण्याचा खर्च टोळीच्याच नावावर पडे, त्यामुळे नासधूसही कमी. कुठे सुरुंग लावायचा, कोणी कधी आत जायचे, हे टोळी ठरवी. कामगाराचे ज्ञान आणि त्याचा स्वाभिमान, दोन्हींना इथे जागा होती. हे लोक स्वतःला कोणाचा नोकर समजत नसत, आणि त्यांच्या त्या भावनेला आधार होता.

पण याच करारात एक गाठ होती आणि ती कधी सुटली नाही. टोळीने एका तिमाहीत भरपूर कमावले की पुढच्या तिमाहीला कारभारी दर उतरवणार. मग शहाणी टोळी काय करील? चांगले खनिज दिसले तरी ते पुरते उघडे पाडणार नाही. थोडे झाकून ठेवील, नव्या कराराच्या वेळी शीर बारीक झाल्याची तक्रार करील. कारभाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो टोळीच्या रडगाण्यावर विश्वास ठेवत नाही, आणि शीर खरोखरच बारीक झालेली असते तेव्हाही ठेवत नाही. कामाचा दर मागच्या कामगिरीवर बेतला की जास्त काम करणे हे कामगाराच्याच तोट्याचे ठरते. विसाव्या शतकातल्या अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न कारखान्यांच्या संदर्भात मांडला. पेनाइनच्या कारभाऱ्यांना तो दर तीन महिन्यांनी मेणबत्तीच्या उजेडात भेटत होता.

दुसरी गाठ पैशाची. खनिज आज खोदले तरी ते धुऊन, गाळून, न्यूकॅसलला नेऊन विकेपर्यंत महिने जात. पुरता हिशेब वर्षाकाठी होई. तोपर्यंत घर चालावे म्हणून महिन्याला उचल मिळे. आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची चाल वेगळी समजावून सांगायला नको. शीर चांगली लागली तर वर्षाअखेरीस उचल वळती होऊन हातात रक्कम पडे. शीर आटली तर कर्ज पुढच्या वर्षाच्या पानावर जाई आणि माणूस त्याच मालकाला बांधला जाई. खडकाची अनिश्चितता करारात टोळीने उचललेली होती. ती झेपावी यासाठी तिच्याजवळ असे ते माळावरचे छोटे शेत, एखादी गाय आणि बायकामुलांचे श्रम. माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत अन्याय्य भाग हाच. जोखीम पेलण्याची ताकद ज्याच्यात सर्वांत कमी, त्याच्याकडे तिचा सर्वांत मोठा वाटा गेला, आणि कागदावर तो त्याच्या राजीखुशीने गेला असे दिसत राहिले.

मालकाच्या पदरी जी जोखीम राहिली ती लांबच्या कामांची. डोंगराच्या पोटात आडवी वाट काढायची, पाणी आपोआप वाहून जावे म्हणून तिला किंचित उतार द्यायचा, आणि घोडा आत जाईल इतकी ती रुंद ठेवायची. अशा वाटेत लाकडी रुळांवरून घोडा गाड्या ओढी. नव्या शिरा गाठेपर्यंत तिच्यातून काहीच उत्पन्न नसे. नेंट नदीच्या खोऱ्यात १७७६ मध्ये सुरू झालेला नेंट फोर्स बोगदा हे याचे टोकाचे उदाहरण. स्मीटन यांच्या कल्पनेतून निघालेला हा भुयारी कालवा होता, त्यातून होड्या चालत. तो पुढच्या शतकातही खणला जात होता आणि जवळजवळ पाच मैल गेला, पण शिशाच्या दृष्टीने त्याने निराशाच केली. उलट कोलक्लफच्या खाणीत विल्यम वेस्टगार्थ यांनी १७६५ मध्ये उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालणारे उपसायंत्र बसवले. जिथे कोळसा महाग आणि पाणी फुकट, तिथे वाफेपेक्षा ते शहाणपणाचे होते.

धुणे

बाहेर आलेला माल दगड, माती आणि खनिज असा मिसळलेला असे. प्रत्येक टोळीचा माल वेगळ्या कप्प्यात पडे, कारण मजुरी त्याच्यावरच ठरायची. मग तो हातोड्यांनी फोडणे, वाहत्या पाण्यात चाळणे, जड खनिज खाली बसवून हलका दगड वाहवून देणे. गॅलेना पाण्याच्या साडेसातपट जड, दगड अडीचपट, या फरकावर सगळे काम चाले. ते मुख्यतः पोरे आणि बायका करत, गार पाण्यात उभ्या राहून, आणि हिवाळ्यात पाणी गोठले की काम बंद. मजुरी बिंगच्या वजनावर असल्याने खनिजात थोडा दगड राहू देण्याचा मोह टोळीला असे, म्हणून वजन करण्याआधी धुलाई तपासणे हे कारभाऱ्याचे नित्याचे काम.

भट्टी

गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक. शुद्ध गॅलेनात वजनाने सुमारे ८६ टक्के शिसे असते. हवेत तापवले की त्यातला काही भाग शिशाच्या ऑक्साइडमध्ये बदलतो, आणि हे ऑक्साइड उरलेल्या गॅलेनाशी भिडले की गंधक वायूच्या रूपाने उडून जातो व शिसे मोकळे होते. दोन्ही क्रिया एकाच चुलीत, एकाच वेळी घडवून आणायच्या. उष्णता कमी पडली तर क्रिया थांबते, जास्त झाली तर सगळे वितळून चिकट मळी होते आणि शिशाचा धूर होऊन तो निघून जातो.

त्यासाठी वापरात असलेली चूल लहान होती. पाणचक्कीवर चालणारा भाता मागून वारा घाली. इंधन माळावरचे पीट आणि थोडा कोळसा. दोन गाळणारे समोर उभे राहत. ठराविक वेळाने ते अर्धवट वितळलेला तापलेला लगदा पुढच्या उतरत्या लोखंडी पाटावर ओढून घेत, फावड्याने फोडून राखाडी मळी वेगळी काढत, लगदा फार पातळ झाला असेल तर त्यात चुना टाकत, आणि उरलेले पुन्हा चुलीत ढकलत. पाटावरच्या खोबणीतून शिसे खालच्या कढईत उतरे आणि तिथून साच्यात. लगद्याचा रंग आणि चिकटपणा पाहून वारा कमी-जास्त करणे हेच खरे कौशल्य. ते पुस्तकातून येत नसे.

दगडी कोळशाच्या ज्वाळेने छपरावरून उष्णता परतवणारी नवी भट्टी लंडन लेड कंपनीने वेल्समध्ये यशस्वी केली होती. उत्तरेत मात्र जुनी चूल टिकून राहिली. कोणी याला मागासलेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. या चुलीला इंधन कमी लागे, ती हवी तेव्हा पेटवता आणि विझवता येई, आणि इथल्या स्वच्छ खनिजाला ती मानवत होती. कठीण मळीत अडकलेले शिसे काढायला कोकवर चालणारी वेगळी, जास्त उष्ण चूल असे.

इथेही कारभाऱ्याचा आधार होता तो कस. खनिजाचा नमुना छोट्या मुशीत गाळून त्यात शिसे किती हे आधी काढायचे आणि भट्टीतून प्रत्यक्ष किती उतरले याच्याशी ताडून पाहायचे. साधारण चार ते पाच बिंगांतून एक फॉदर शिसे येई. न्यूकॅसलचा फॉदर २१ हंड्रेडवेटचा, लंडनचा साडेएकोणीसचा. एकच नाव, दोन वजने, म्हणजे विक्रीच्या वहीत वजनाची नोंद न्यूकॅसलची की लंडनची हे स्पष्ट लिहिले नाही तर दीड हंड्रेडवेटचा घोटाळा.

धुराबरोबर जाणारे शिसे हा तोटाही होता आणि विषही. भट्टीभोवतालच्या गवतावर ते बसे आणि चरणारी जनावरे मरत. केंब्रिजमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले आणि पुढे बिशप झालेले रिचर्ड वॉटसन यांनी असे सुचवले, की धुराडे उभे न ठेवता लांब आडवे न्यावे, म्हणजे धूर वाटेत निवून शिसे भिंतींवर साचेल. पुढे डोंगर चढत जाणारी अशी दगडी धुराडी या प्रदेशात सर्वत्र बांधली गेली. भिंतींवरचा साका खरवडून पुन्हा गाळला जाई. ते खरवडणे माणसांनीच आत शिरून करायचे असे.

चांदी

शिशातून चांदी काढण्याची कृती फार जुनी आहे. लोखंडी लंबगोल चौकटीत हाडांची राख आणि नेच्याची राख ओली करून ठोकून बसवत, वर उथळ खोलगट भाग कोरत, आणि ती चौकट भट्टीत ठेवत. त्यात शिसे वितळवून पृष्ठभागावर भात्याचा वारा सोडला की शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, होते. त्याचा बराच भाग काठावरच्या खाचेतून पिवळसर ओघळासारखा बाहेर वाहतो, थोडे राखेत मुरते. चांदीला हवा असे काही करू शकत नाही. नवे शिसे घालत राहायचे, मुरदाडशिंग काढत राहायचे. शेवटी मुरदाडशिंगाचा उरलेला पातळ पापुद्रा पृष्ठभागावर रंग पालटत फिरतो, फाटतो, आणि खालची चांदी एकदम लख्ख उजळते. त्या क्षणी वारा बंद करायचा.

कृती सोपी आहे, पण ती करावी की नाही हे ठरवणे सोपे नव्हते. टनाला ८ औंस चांदी म्हणजे १,०१६ किलो शिशात सुमारे २५० ग्रॅम. एवढ्यासाठी सगळ्या शिशाचे आधी मुरदाडशिंग करायचे आणि मग त्यातले बहुतेक पुन्हा भट्टीत घालून शिसे करायचे. दोन्ही वेळा कोळसा जळणार, दोन्ही वेळा थोडे शिसे कायमचे जाणार. लंडनच्या टांकसाळीत प्रमाणित चांदीचा दर औंसाला ५ शिलिंग २ पेन्स होता, त्या हिशेबाने शुद्ध चांदी सुमारे ५ शिलिंग ७ पेन्स पडते. म्हणजे ८ औंसांचे साधारण ४५ शिलिंग. आता उदाहरणासाठी धरू, की शिशाचा भाव टनाला १५ पौंड आहे आणि पंधरावा भाग वाया जातो. मग २० शिलिंगांचे शिसे गेले, आणि कोळसा, मजुरी व राखेसाठी २५ शिलिंग उरले. चांदी ४ औंस असेल तर मिळतात सुमारे २२ शिलिंग, त्यातले २० शिशाच्या तोट्यात गेले, आणि उरलेल्या दोन शिलिंगांत भट्टी पेटतही नाही.

या प्रदेशात सुमारे ८ औंस ही व्यवहारातली मर्यादा मानली जात होती. ऑल्स्टन, ॲलनडेल आणि वियरडेलचे बरेच शिसे तिच्या आसपास वा वर होते, म्हणून तिथे चांदी काढणे हा धंद्याचा भाग झाला. दक्षिणेकडच्या स्वेलडेलचे शिसे चांदीला दरिद्री, ते तसेच विकले जाई.

शिशाचा भाव चढला की वाया जाणाऱ्या शिशाची किंमतही चढते, आणि चांदी काढणे कमी फायद्याचे होते. म्हणजे तेजीत मर्यादा वर सरकते, मंदीत खाली. दुसऱ्या बाजूला, मुरदाडशिंगाला स्वतःचे गिऱ्हाईक होते. काचवाले, कुंभारकाम करणारे आणि रंगवाले ते घेत. जितके मुरदाडशिंग तसेच विकले जाई, तितका ते पुन्हा गाळण्याचा खर्च आणि तोटा वाचे. शिवाय शुद्ध झालेले शिसे मऊ असे आणि सफेदा करणाऱ्यांना तेच हवे असे. त्यामुळे भट्टी कधी चालवायची हे चांदीच्या एका भावावर ठरत नसे. शिसे, चांदी, मुरदाडशिंग आणि कोळसा या चारही भावांची खबर ज्याला वेळेवर मिळे, त्यालाच ते नीट ठरवता येई. ती खबर बंदरात होती, डोंगरात नव्हती. ब्लॅकेटांची शुद्धीकरणाची भट्टी टाइनकाठी ब्लेडनला, न्यूकॅसलजवळ असण्याचे हेही एक कारण मला दिसते. दुसरे उघड कारण कोळसा जवळ असण्याचे.

चांदी लहान आणि मौल्यवान असल्याने तिच्यावरची देखरेख सगळ्यांत सोपीही होती आणि कडकही. शिशाचा नमुना आधी छोट्या राखेच्या वाटीत कसाला लावला की टनामागे किती चांदी निघायला हवी ते कळे. उतरलेल्या चांदीची लादी त्याच्याशी जुळली पाहिजे. खडकातल्या शिरेबद्दल कारभारी टोळीशी तीन-तीन महिने वाद घालू शकत होता. इथे तराजू त्याच दिवशी उत्तर देई.

चांदी काढण्याची ८ औंसांची मर्यादा मोडली ती अठरावे शतक उलटल्यावर. ऑल्स्टनचेच ह्यू ली पॅटिन्सन यांच्या लक्षात आले, की वितळलेले शिसे सावकाश निवू दिले तर आधी जे स्फटिक बनतात त्यांत चांदी कमी असते आणि उरलेल्या द्रवात ती साठत जाते. झाऱ्याने स्फटिक काढत कढईमागून कढई हे करत गेले, की सगळ्या शिशाचे मुरदाडशिंग करण्याची गरजच राहत नाही. फक्त शेवटचा, चांदीने समृद्ध झालेला भाग राखेच्या चौकटीवर घ्यायचा. १८३३ मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले, आणि टनाला दोन-तीन औंस चांदी असलेले शिसेही शुद्ध करण्याजोगे झाले.